इंजिनांत अडकलेली हवा

पाताळगंगेच्या कांठीं वसलेल्या रसायनीहून पुण्यास जावयाचें म्हणजे बोरघाट चढणें आलेंच. खोपोली सोडली कीं रस्ता डोंगराला भिडतो आणि थोड्याच अंतरांत मोटारीला ५०० मीटरांहून अधिक उंची गाठावी लागते. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें ६२२ मीटर उंचीवर आहे. १८३० मध्यें, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतां, या घाटांतून गाडीरस्ता खुला झाला. २००२ मध्यें द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. रस्ता रुंद झाला, वळणें सौम्य झालीं. परंतु चढ मात्र नाहींसा झाला नाहीं. मोटारीची खरी परीक्षा आजहि तेथेंच होते.

या चढावर एक दृश्य अधूनमधून दिसतें. रस्त्याच्या कडेस मोटार उभी आहे, बॉनेट उघडलेलें आहे आणि इंजिनांतून वाफ निघत आहे. मागच्या आसनावर पुण्याच्या रुग्णालयांत न्यावयाची वृद्ध माता बसलेली आहे. डॉक्टरांनीं दिलेली वेळ टळत चालली आहे. मालक पुनःपुन्हां एकच गोष्ट सांगतो : "कालच गाडी दुरुस्त होऊन आली. हेड उतरविलें, गॅस्केट नवें घातलें, रेडिएटर कांठोकांठ भरला. मग गाडी तापली कशी ?" मिस्त्रीला फोन करावा तर तोहि शपथेवर सांगतो कीं पाणी आपण स्वतः भरलें होतें. दोघेहि खरें बोलत असतात. रेडिएटर भरला होता. पण इंजिन भरलें नव्हतें. या दोन गोष्टींतील अंतर समजून घेणें, हाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम इंजिनाला पाणी कशासाठीं लागतें तें पाहावें. सिलिंडरांत पेट्रोल किंवा डिझेल पेटतें त्या क्षणीं तेथील उष्णतामान २,००० अंश सेल्सिअसच्याहि वर जातें. आजच्या बहुतेक मोटारींचें हेड ज्या ॲल्युमिनिअमचें असतें तो धातु ६६० अंशांना वितळतो. म्हणजे ज्या भांड्यांत हा अग्नि पेटतो तें भांडें त्या अग्नीपुढें टिकण्यासारखें नसतेंच. तें टिकतें याचें मोठें कारण एवढेंच, कीं धातूच्या भिंतींपलीकडून पाणी सतत वाहत असतें आणि उष्णता उचलून नेत असतें. जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकीं सुमारें पाव ते एकतृतीयांश भाग या मार्गानें बाहेर टाकावा लागतो.

हें काम पाण्याकडेच कां दिलें आहे ? एक लिटर पाणी एका अंशानें तापतांना जेवढी उष्णता पोटांत घेतें, तेवढी घेण्यास हवा सुमारें ३,५०० लिटर लागते. पाण्याच्या जागीं हवा बसली कीं उष्णता नेणारा बलिष्ठ हमाल जाऊन त्याच्या जागीं हात न हलविणारा पाहुणा येऊन बसतो. मग ती जागा जेमतेम एका पेल्याएवढी कां असेना, तिच्यालगतचा धातु तापूं लागतो.

आतां पाण्याचा मार्ग लक्षांत घ्यावा. रेडिएटरच्या तळाशीं निवालेलें पाणी पंप ओढून घेतो. तो तें सिलिंडरांभोंवतालच्या पोकळींत ढकलतो. तेथून तें वर हेडमध्यें चढतें. हेडमधून थर्मोस्टॅट नांवाच्या झडपेंतून वरच्या होजपाइपांत आणि तेथून पुन्हां रेडिएटरांत येतें. याखेरीज एक लहानशी वाट हीटरकडे जाते. थर्मोस्टॅटमध्यें एक प्रकारचें मेण असतें. तें साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान वितळून फुगतें आणि झडप उघडतें. तोंपर्यंत मुख्य वाट बंद असते, म्हणजे थंड इंजिन लवकर तापावें. ही योजना शहाणपणाची आहे. पण थंड इंजिनांत पाणी भरतेवेळीं तीच अडचणीची होते, कारण बंद झडपेच्या खालीं सांपडलेल्या हवेला वर जावयास दार उरत नाहीं.

हवा आंत येते ती दुरुस्तीच्या वेळीं. हेड, पंप, थर्मोस्टॅट किंवा एखादी होज काढावयाची म्हणजे आधीं पाणी सोडावें लागतें. पाणी गेलें कीं त्या सर्व पोकळ्या हवेनें भरतात. नंतर वरून पाणी ओतलें म्हणजे ती हवा आपोआप निघून जाईल अशी समजूत असते; परंतु हवेचा स्वभाव निराळा आहे. अरुंद तोंडाची कळशी नदींत आडवी धरून बुडविली कीं ती बुडबुड आवाज करीत भरते. कारण एका बाजूनें पाणी आंत येतें आणि दुसऱ्या बाजूनें हवा बाहेर पडते. तीच कळशी उपडी करून सरळ खालीं दाबली तर कितीहि खोल नेली तरी भरत नाहीं. पाणी तोंडाशीं येऊन थांबतें, कारण आंतली हवा तळाशीं, म्हणजे आतां सर्वांत वर झालेल्या जागीं, कोंडून राहते. इंजिनांतील उंच कोपरे, हेडमधील खांचा, होजची कमान आणि हीटरच्या नळ्या या अशाच उपड्या कळश्या होत.

नळांनीं पाणी नेणाऱ्या अभियंत्यांना ही गोष्ट चांगलीच ठाऊक आहे. १९१५ सालीं खोपोली येथें टाटांचें वीजगृह सुरू झालें. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून ५०० मीटरांहून अधिक खालीं उतरून तेथील चक्रें फिरवितें आणि मग पाताळगंगेंत मिसळून रसायनीकडे वाहत येतें. अशा कोणत्याहि लांब जलवाहिनींत जेथें जेथें नळाला उंचवटा येतो तेथें तेथें हवा सोडण्याची झडप बसविण्याची पद्धत आहे. ती नसेल तर उंचवट्यावर हवा सांचून पाण्याची वाट अडवते. मोटारीची जलवाहिनी हातभर लांबीची असली तरी तिला नियम तोच लागू आहे.

जुन्या मोटारींत ही पीडा कमी असे. १९०८ ते १९२७ या काळांत निघालेल्या फोर्डच्या टी मॉडेलचा रेडिएटर इंजिनापुढें ताठ आणि उंच उभा असे. बहुतेक टी गाड्यांना पंपहि नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप वर चढे आणि निवलेलें खालीं उतरे. भरावयाचें तोंड सर्वांत उंच असल्यामुळें हवा तेथूनच निघून जाई. पुढें वारा कापण्यासाठीं बॉनेट बसकें झालें, रेडिएटर खालीं आला, आणि पुष्कळ गाड्यांत तर त्याचें तोंड इंजिनाच्या माथ्याहूनहि खालीं गेलें. तेव्हांपासून रेडिएटर कांठोकांठ दिसणें हा इंजिन भरल्याचा पुरावा राहिला नाहीं.

अडकलेली हवा तीन प्रकारें घात करते. पहिला घात पंपाचा. हा पंप चक्राच्या फिरण्यानें पाणी बाहेर फेकतो. त्याच्या पोटांत हवा शिरली कीं चक्र नुसतेंच फिरतें आणि प्रवाह मंदावतो किंवा थांबतो. दुसरा घात धातूचा. हवेच्या बुडबुड्याजवळ हेड अतिशय तापतें. भोंवतालच्या पाण्याची वाफ होते. आणि पाण्याची वाफ झाली म्हणजे ती सुमारें १,६०० पट जागा मागते. ती वाफ उरलेलें पाणी पुढें ढकलून टाकींतून बाहेर घालविते. ॲल्युमिनिअमचें हेड असें तापलें कीं वांकडें होतें, आणि कालच बसविलेलें नवें गॅस्केट पुन्हां उडतें. तिसरा घात सर्वांत कपटी. उष्णतामान दाखविणारा कांटा ज्या संवेदकावर अवलंबून असतो तो पाण्यांत बुडालेला असावा लागतो. त्याच्याभोंवतीं हवा असली तर इंजिन तापत असतां कांटा खालींच राहतो, किंवा एकदम वर उडी मारतो आणि पुन्हां पडतो. चालक कांट्यावर विसंबून घाट चढत राहतो.

म्हणून कांट्याखेरीज इतर लक्षणें ओळखावीं. गाडी चालू करतांच डॅशबोर्डामागें पाणी खळखळल्यासारखा आवाज येणें. इंजिन तापलें असूनहि हीटरमधून गार वारा येणें. वरची होज चटका देणारी आणि खालची थंड असणें. टाकींतील पातळी एकाएकी खालींवर होणें, यांपैकीं एक जरी लक्षण दुरुस्तीनंतर दिसलें तरी आंत हवा आहे असें धरून चालावें. वरची होज गरम व खालची थंड हें लक्षण थर्मोस्टॅट न उघडल्यासहि दिसतें. तेव्हां दोन्ही शक्यता पडताळाव्या.

एक साधें गणितहि उपयोगी पडतें. लहान मोटारींत सर्व मिळून साधारण ४ ते ६ लिटर द्रव मावतो. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत छापलेला असतो. तो ५ लिटर आहे आणि इंजिन पूर्ण रिकामें केल्यावर ३॥ लिटरच आंत गेला, तर उरलेले १॥ लिटर कोठें आहेत हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जुनें पाणी सर्व निघालें नसेल तर त्यांतला कांहीं भाग तें व्यापील. बाकीची जागा हवेची. जें काढलें तें मोजावें आणि जें घातलें तेंहि मोजावें, एवढी शिस्त पाळली तरी निम्मी फसगत टळते.

आतां हवा काढण्याची रीत. गॅरेजांत तिला 'एअर काढणें' असेंच म्हणतात. प्रत्येक गाडीची पुस्तिका हाच अंतिम अधिकार मानावा. कारण कांहीं गाड्यांत झांकण लावूनच इंजिन चालवावयाचें असतें, तर विजेच्या पंपाच्या गाड्यांत तो पंप परीक्षण-यंत्राकडून चालवावा लागतो. बहुतेक साध्या गाड्यांना पुढील क्रम लागू पडतो.

इंजिन पूर्ण थंड असावें. गाडी सपाट जागीं, किंवा तोंडाची बाजू किंचित् उंच करून उभी करावी, म्हणजे भरावयाचें तोंड शक्य तितकें वर येईल. हीटरचा कांटा पूर्ण गरमकडे फिरवावा. कोंकणांत राहणाऱ्यास हीटर जन्मांत लागत नाहीं, म्हणून हें पाऊल नेमकें येथेंच विसरलें जातें. परंतु ज्या गाड्यांत हीटरच्या वाटेवर झडप असते त्यांत ती बंद राहिली तर त्या नळ्यांतली हवा जागची हलत नाहीं. नंतर द्रव अगदीं सावकाश, बारीक धारेनें ओतावा. भसकन् ओतलेलें पाणी हवेची वाटच बुजवितें. मधून मधून वरची होज हातानें दाबून सोडावी. प्रत्येक दाबासरशीं बुडबुडे वर येतात.

पुष्कळ गाड्यांत थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा वरच्या होजवर हवा सोडण्याचा एक लहान स्क्रू असतो. पाणी ओततांना तो सैल करावा. प्रथम तेथून नुसती हवा फुसफुसते, मग फेसाळ पाणी येतें, शेवटीं बुडबुड्यांवांचून अखंड धार लागते. धार लागली कीं तो हलक्या हातानें आंवळावा. हा स्क्रू पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा असतो. जोर केला तर तुटतो. कांहीं थर्मोस्टॅटांच्या चकतीला एक बारीक भोंक आणि त्यांत हलणारी खिळी असते. झडप बंद असतांहि हवा निसटावी म्हणून ती ठेवलेली असते. थर्मोस्टॅट बसवितांना ती खिळी सर्वांत वरच्या बाजूस आली पाहिजे.

त्यानंतर इंजिन चालू करून मंद गतीनें चालूं द्यावें. प्रथम कांहीं वेळ फारसें घडत नाहीं, आणि उतावळा मनुष्य येथेंच झांकण लावून मोकळा होतो. खरा क्षण पुढें यावयाचा असतो. मेण वितळून थर्मोस्टॅट उघडतो तेव्हां कोंडलेली हवा एकदम सुटते, मोठे बुडबुडे येतात आणि पातळी झर्‌कन् खालीं जाते. तेवढी भर घालावी. तोंड रेडिएटरपासून दूर ठेवावें, आणि बोटें पंख्यापासून. विजेचा पंखा कोणत्याहि क्षणीं आपोआप सुरू होतो. बुडबुडे थांबले, हीटरमधून गरम वारा येऊं लागला कीं झांकण लावावें आणि पंखा एकदां दोनदां सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालूं द्यावें. या वेळांत कांटा नेहमींच्या खुणेच्या वर सरकूं लागला तर इंजिन तत्काळ बंद करावें.

मोठ्या गॅरेजांत यासाठीं एक यंत्र असतें. तें आधीं आंतली हवाच शोषून काढतें. होज चपट्या होतात. मग द्रवाची नळी उघडली कीं तो आपण होऊन सर्व कोपऱ्यांत धांवतो. शोषून निर्माण केलेली पोकळी टिकली नाहीं तर कोठें गळती आहे हेंहि कळतें. लहान गॅरेजांत हें यंत्र नसतें. तेथें त्याचें काम वेळ करतो.

येथपर्यंत सर्व केलें तरी काम संपत नाहीं. इंजिन रात्रभर निवूं द्यावें. निवतांना आंतला द्रव आंखडतो, आणि बारीक बुडबुडे एकत्र होऊन वरच्या जागीं येतात. सकाळीं थंड इंजिनाचें झांकण उघडलें तर पातळी थोडी उतरलेली आढळते. तेवढी भर घालावी. मगच गांवांत सपाट रस्त्यावर एक फेरी मारावी, पुन्हां निववून पाहावें, आणि पातळी स्थिर राहिली म्हणजे घाटाचें नांव काढावें. संध्याकाळीं गॅरेजांतून आणलेली गाडी पहाटे बोरघाटाला लावणें म्हणजे ही सकाळ गाळून टाकणें होय.

मात्र कितीहि वेळ चालविलें तरी बुडबुडे थांबतच नसतील, तर ती बाहेरून शिरलेली हवा नव्हे. तो सिलिंडरांतील जळलेला वायु असूं शकतो, आणि तो फुटलेल्या गॅस्केटमधून किंवा हेडच्या चिरेंतून पाण्यांत येत असतो. याची परीक्षा रसायनशास्त्रानें सोपी केली आहे. ब्रोमोथायमॉल ब्लू नांवाच्या रंगाचा निळा द्रव एका नळींत घेऊन रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यांतून ओढतात. त्या हवेंत जळणाचा कार्बन डायऑक्साइड असला तर पेट्रोल गाडीच्या बाबतींत निळा रंग पिवळा होतो. रंग पालटला तर हवा काढीत बसण्यांत अर्थ नाहीं. हेड पुन्हां उतरविलेंच पाहिजे.

दोन सावधगिऱ्या प्राणांशीं निगडित आहेत. रेडिएटरचें झांकण आंतला दाब बाहेरच्यापेक्षां सुमारें एका वातावरणाइतका अधिक ठेवतें. त्यामुळें १०० अंशांना उकळणारें पाणी १२० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतें. लोणावळ्याच्या उंचीवर उघडें पाणी ९८ अंशांनाच उकळतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे घाटांत या दाबाचें महत्त्व कळतें. परंतु तापलेल्या इंजिनाचें झांकण उघडलें कीं दाब क्षणांत जातो, ११० अंशांच्या पाण्याची तिथल्या तिथें वाफ होते आणि तोंड, हात व डोळे भाजतात. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावें, आणि होज हातांत सहज धरतां येईल व दाबल्यावर मऊ लागेल तोंपर्यंत झांकणाला हात लावूं नये. घाई कितीहि असो, या नियमाला अपवाद नाहीं. तापलेल्या इंजिनांत एकदम थंड पाणी ओतणेंहि टाळावें. त्यानें धातूला चीर जाण्याचा धोका असतो.

दुसरी सावधगिरी द्रवाविषयीं. कूलंट म्हणून जें विकतात त्यांत बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतें. कोंकणांत पाणी गोठण्याचें भय नसलें तरी तें घालावें. कारण तें पाण्याचा उत्कलनबिंदु वाढवितें, आणि त्यांतील इतर द्रव्यें गंजापासून धातूचें रक्षण करतात. परंतु तें चवीला गोड आणि पोटांत गेल्यास जीवघेणें विष आहे. उघड्या परातींत ठेवलेलें जुनें कूलंट कुत्रें किंवा लहान मूल चाटूं शकतें. तें गटारांत ओतलें तर अखेरीस पाताळगंगेंत जावयाचें. रसायनांवरून ज्या गांवास नांव मिळालें तेथील रहिवाशांना याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं. तें डब्यांत भरून, चिठ्ठी लावून, विल्हेवाटीसाठीं योग्य ठिकाणीं द्यावें.

आतां पुन्हां घाटांतील त्या मोटारीकडे वळावें. मिस्त्रीनें फसविलें नाहीं, गॅस्केट खोटें नव्हतें, पाणीहि कमी ओतलें नव्हतें. कमी पडला तो वेळ. "संध्याकाळपर्यंत गाडी द्याच, पहाटे आईला घेऊन निघावयाचें आहे," असें मालकानें बजाविलें, आणि थंड इंजिनाची एक सकाळ त्या घाईंत गेली. गॅरेजवाल्यानें नाहीं म्हणण्याचें धैर्य दाखविलें असतें, किंवा मालकानें त्या दिवसापुरती दुसरी गाडी केली असती, तर रुग्णालयाची वेळ चुकली नसती आणि हेडहि वांचलें असतें. गाडी घ्यावयास जाणाऱ्यानें "पाणी भरलें का ?" असें विचारूं नये. "एअर काढली का, आणि निवल्यावर पातळी पुन्हां पाहिली का ?" असें विचारावें.

जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचें देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगरानें दाखविली, अशी त्याची आख्यायिका आहे. आणि अनेक चालक तेथें क्षणभर गति कमी करून नमस्कार करतात. तो नमस्कार अवश्य करावा. मात्र त्यापूर्वीं, घरून निघतांना, थंड इंजिनाचें झांकण उघडून एकवार आंत डोकावलेलें असावें.